बारा वर्षांची झाली की

इंग्लंडमध्ये नॉर्थम्प्टनशायरमधल्या स्टोक ब्रुअर्नला पोचले तेव्हा भुरभुर पाऊस लागला होता. ग्रँड युनियन कालव्याच्या काठचं एवढंसं गाव. जुन्या धान्याच्या गिरणीत कालव्याचं संग्रहालय आहे, पण माझं सगळं लक्ष बोटीच्या केबिनकडे होतं.

सत्तर फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद अशी नॅरोबोट. बहुतेक जागा कोळशाची नि मालाची, संसार मागच्या टोकाला. दाराशी शेगडी, कपाटाचं फळकूट खाली पाडलं की टेबल, आतल्या बाजूला आडवा पलंग. मी खाली वाकून आत गेले. चाळीतल्या खोलीत वाढलेय, तरी श्वास आखडला.

आदल्या आठवड्यात लंडनमध्ये १९२०-३० च्या दशकांतले आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल वाचले होते. सॅनिटरी इन्स्पेक्टरकडे दूध, मांस, ओलीची घरं आणि जोडीला कालव्यावरच्या बोटी. बोटीवर पाय ठेवला की आधी नोंदणीचा दाखला मागायचा, मग गळती, रंग, पिण्याच्या पाण्याचं भांडं. आणि हवा. कालव्यावरच्या बोटींसाठीच्या १८७७ आणि १८८४ च्या कायद्यांखालच्या नियमांनुसार बारा वर्षांवरच्या माणसाला ६० घनफूट, लहान मुलाला ४०. मागची केबिन निदान १८० घनफुटांची हवी.

शेगडीपाशी बसून मी हिशेब केला. नवराबायकोचे १२०, उरले ६०. म्हणजे एक मूल. दुसरं झालं की नियम मोडला! शिवाय नवराबायको निजतात त्या केबिनमध्ये बारा वर्षांवरची मुलगी आणि चौदा वर्षांवरचा मुलगा झोपू नये, असंही कलम होतं. घरातली गर्दी मोजताना १९३५ चा घरांबाबतचा कायदा दहा वर्षांखालच्या मुलाला अर्धा माणूस धरत होता. काठावरच्या मुलाचं आणि पाण्यावरच्या मुलाचं वय असं वेगवेगळ्या मापानं मोजलं जाई.

मला ती मुलगी दिसत राहिली. अकराव्या वर्षी आईच्या पायाशी निजणारी, बाराव्या वाढदिवसाला बेकायदा ठरलेली. इन्स्पेक्टरचा मला राग येत नाही. त्या ओल्या, कोंदट जागेत मुलं खोकत होती आणि कुणीतरी आत येऊन मोजायलाच हवं होतं. पण बोट म्हणजेच घर, तर मुलीला निजवायचं कुठे? जोडीनं दोन बोटी चालवणाऱ्यांकडे दुसरी केबिन तरी असे.

याच गावात सिस्टर मेरी वॉर्ड राहायच्या, बोटीवाल्यांच्या परिचारिका. आजारी माणसाला घेऊन बोट इथल्या लॉकपाशी, म्हणजे बोटी वरखाली नेणाऱ्या पाण्याच्या दारांपाशी, थांबायची. बाहेर आले तेव्हा पाऊस ओसरला होता आणि एक बोट त्याच लॉकमध्ये शिरत होती, वरती दोरीवर छोटे कपडे वाळत घातलेली.