तिरकं पाच आलं पाहिजे

“सर, २४ वर्षं शाळेत गणित शिकवलंत आणि शाळेत शिक्षण होत नाही म्हणता? मग पगार कसला घेतलात?” लग्नाकार्यात जुने विद्यार्थी भेटले की हा प्रश्न ठरलेला. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

घरामागं एक खोली वाढवायची होती. आखणीला मिस्त्री आले. शाळा चौथीत सुटलेली. खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या, कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर. टेपचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, “तिरकं धरा. पाच आलं पाहिजे.” आलं पाच फूट दोन इंच. त्यांनी लांबची खुंटी जरा आत घेतली. पाच. “झाला काटकोन.”

पायथागोरसचं प्रमेय मी डोळे मिटून सिद्ध करीन. मिस्त्रींनी वापरला तो त्याचा व्यत्यास, म्हणजे उलटी बाजू: बाजूंचं गणित जुळलं की कोन काटकोनच. तो आम्ही वर्गात घाईघाईनं गुंडाळायचो.

“मोठं घर असलं तर?”

“नऊ-बारा-पंधरा. तीन-चार-पाचात टेप सूतभर चुकली तरी लांब भिंतीला लई मार बसतो.”

रात्री वही काढली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीस फुटी भिंतीच्या टोकाला चूक दीड इंचावर जाते. नऊ-बारा-पंधरा घेतलं तर जेमतेम अर्धा इंच. हे गणित मी एकदाही कुणाला घातलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनीच विचारलं, “पण गुरुजी, पाचच का येतं? उस्तादानं सांगितलं तसं करतो. कारण कुणी सांगितलं नाही.”

वाळूत सात बाय सातचा चौकोन काढला. चार कोपऱ्यांत तीन-चारचे चार त्रिकोण, एकेकाचं क्षेत्रफळ सहा. एकोणपन्नासातून चोवीस गेले, मधे तिरका चौकोन उरला पंचवीसचा. त्याची बाजू पाच. मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. चहा गार झाला. “म्हणजे हे कुणी ठरवलेलं नाही. निघतंच.”

वर्गात हा ‘का’ मला कुणी विचारला नाही. ‘का’ला गुण नव्हते, आणि सिद्धता गाइडात होती. पण वाळूतली ती आकृती मला शाळेनंच दिली होती, हेही खरं. पगार तिचाच घेतला म्हणा. हातच्या कामातून विषय शिकवायचे, हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला होता. बी. एड.ला मी त्यावर निबंध लिहिला. गुण उत्तम मिळाले. वर्षभरात हातात टकळी सोडा, खिळाही धरला नाही.

खोली झाली. फरशी शेवटच्या ओळीपर्यंत अख्खी बसली. मग आठवलं, शाळेतल्या माझ्या वर्गात फळ्याखालची शेवटची ओळ पाचरीसारखी कापलेली होती. तिच्यावर उभं राहून मी इतकी वर्षं काटकोन शिकवत होतो.