करणी, ओळंबा आणि एक पितळी बिल्ला

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो आणि गंगेवर दर बुधवारी बाजार भरतो. त्यात भाजीवाल्यांची रांग संपून जुन्या लोखंडी सामानाचे पसारे जिथे सुरू होतात, तिथे दोन वर्षांपूर्वी मला एक पितळी बिल्ला मिळाला. आकाराने रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित मोठा, मागची पिन तुटलेली. पुढच्या बाजूला पाय फाकवून उभा असलेला कंपास, त्याच्या पायांत अडकवलेला काटकोनी गुण्या आणि दोघांच्या मध्ये इंग्रजी ‘जी’ हे अक्षर. विकणाऱ्याने ‘इंग्रजांच्या काळातला, मिस्त्री लोकांचा बिल्ला आहे’ असे सांगून साठ रुपये घेतले. घरी आल्यावर मुलीने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “आई, हे तर माझ्या कंपासपेटीतलं सामान आहे.”

दोघांचेही म्हणणे बरेचसे खरे होते. बिल्ला फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघटनेच्या मंडळींचा होता आणि मेसन म्हणजे गवंडीच, त्यातही दगडाचे काम करणारा. मध्ययुगात युरोपभर कॅथीड्रल आणि किल्ले बांधत फिरणाऱ्या या कारागिरांच्या संघटना असत आणि बांधकामाशेजारी उभारलेल्या त्यांच्या खोपटाला लॉज म्हणत. स्कॉटलंडमध्ये १५९८ साली राजाच्या बांधकामांचा प्रमुख विल्यम शॉ याने लॉजसाठी लेखी नियम घालून दिले. पुढच्या शतकात मात्र ज्यांनी जन्मात दगडाला हात लावला नव्हता अशी माणसे त्यांत दाखल होऊ लागली; इलायस ॲशमोल या संग्राहकाने आपण १६४६ मध्ये वॉरिंग्टन येथे मेसन झाल्याचे रोजनिशीत लिहून ठेवले आहे. लंडनमधल्या चार लॉजनी २४ जून १७१७ रोजी एका मद्यगृहात जमून ग्रँड लॉज ही आपली मध्यवर्ती संस्था स्थापन केली, असे या मंडळींची परंपरा सांगते. तोपर्यंत गवंडी हळूहळू बाहेर पडले होते, त्यांची हत्यारे तेवढी आत राहिली होती, आणि ज्यांना ती चालवता येत नव्हती त्यांनी त्यांचे अर्थ लावायला घेतले होते.

हे मी पुस्तकांतून वाचले. पण त्या अर्थांशी माझी खरी गाठ पडली ती यंदाच्या पावसाळ्यानंतर, जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याची मागची भिंत फुगली तेव्हा. भिंत अर्धी उतरवून पुन्हा बांधायची ठरली आणि ज्यांना सारी गल्ली मामा म्हणते असे आमचे गवंडी सिमेंटच्या जुन्या गोणीत आपली हत्यारे घेऊन सकाळी आठाला हजर झाले. त्यांनी ती गोणी ओट्यावर उपडी केली आणि माझ्या पुस्तकातली चित्रांची पाने एकेक करून समोर येऊन पडली. ओळंबा, गुण्या, पाण्याची पारदर्शक नळी, छिन्नी, हातोडा आणि करणी, म्हणजे मसाला थापायची थापी.

या करणीपाशी मी थोडी थबकले. फ्रीमेसन लोकांविषयी जगभर संशय आहे. उत्तर हिंदुस्थानात लॉजच्या इमारतीला लोक सरळ जादूघर म्हणत असत. बंद दरवाजे, खुणेचे हस्तांदोलन आणि रात्रीच्या सभा म्हटल्यावर आत काहीतरी करणी चालत असणार, असे कोणालाही वाटावे; आणि आमच्या मराठीत तर गवंड्याच्या थापीला नेमका तोच शब्द. विशेषतः अमेरिकेतल्या लॉजमध्ये ही करणी बंधुभावाचा मसाला पसरण्याची खूण मानली जाते. विटांना विटा चिकटाव्यात तशी माणसे माणसांना चिकटावीत, एवढाच त्या करणीचा मंत्र. गुप्त म्हणावे तर या मंडळींचे विधी १७३० सालीच लंडनमध्ये पुस्तक छापून कोणीतरी चव्हाट्यावर मांडले होते.

मामांनी काम सुरू केले ते ओळंब्याने. ओळंबा कसा लावतात हे मी इतक्या जवळून पूर्वी पाहिले नव्हते. दोरीच्या एका टोकाला शंकूसारखा जड लोखंडी लोळक असतो, आणि त्याच दोरीवर वरखाली सरकणारा एक लाकडी ठोकळा, ज्याची रुंदी बरोबर लोळकाच्या जाडीइतकी. ठोकळा भिंतीच्या वरच्या कडेला टेकवायचा आणि लोळक खाली सोडून त्याचे झुलणे थांबेपर्यंत गप्प राहायचे. लोळक भिंतीला जेमतेम स्पर्श करून राहिला तर भिंत सरळ. मध्ये फट दिसली तर भिंत वर बाहेर झुकलेली. अंगावर रेलला तर खालचे अंग पुढे आलेले. मामा त्या झुलण्याकडे पाहत असताना बोलत नाहीत आणि दुसऱ्याने बोललेलेही त्यांना चालत नाही. लॉजमध्ये ओळंबा ही सचोटीची खूण आहे, आणि मला वाटते की ती निवडणाऱ्याने कधीतरी एखाद्या गवंड्याला असे श्वास रोखून उभे राहिलेले पाहिले असणार. ओळंब्याला शेजारच्या भिंतीशी कर्तव्य नसते. शेजारची भिंत किती कलली आहे यावरून तो आपला निकाल सौम्य करत नाही.

दुपारी चहाच्या वेळी मी मामांना सांगितले की या लोकांच्या सभेत प्रमुख माणूस गळ्यात गुण्या घालून बसतो आणि त्याच्या हाताखालच्या दोघा अधिकाऱ्यांपैकी एकाच्या गळ्यात पाणसळ, म्हणजे पातळी पाहायचे साधन, आणि दुसऱ्याच्या गळ्यात ओळंबा असतो. मामांनी बशी खाली ठेवली. “गळ्यात घातल्यावर काम कशाने करतात?” असे त्यांनी विचारले, आणि मला उत्तर सुचायला बराच वेळ लागला.

भिंतीच्या कोपऱ्यातले दोन चिरे फुटले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी एक पाथरवट आला. अंगणात बसून तो दिवसभर टाकी चालवत होता आणि त्या ठण्-ठण् आवाजाने दुपारची झोप उडालेल्या शेजारणीने, टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, ही म्हण स्वतःलाच लावून घेतली. लॉजमध्येही दोन दगड मांडलेले असतात: एक खाणीतून आला तसा ओबडधोबड, दुसरा सहाही अंगांनी घडवलेला. पहिला म्हणजे नवशिका माणूस, दुसरा म्हणजे शिक्षणाने आणि संयमाने घडलेला. वाचताना मला वाटले होते, ही तर आपलीच म्हण झाली. पण पाथरवटासमोर बसल्यावर लक्षात आले की ती आपली म्हण नव्हे. आपला दगड घाव सोसून देव होतो, चौथऱ्यावर एकटा चढतो आणि लोक त्याच्यापुढे नारळ फोडतात. त्यांचा दगड घाव सोसून फक्त चिरा होतो. त्याच्या सगळ्या कडा अशासाठी काटकोनात आणायच्या की तो दुसऱ्या चिऱ्याशेजारी फट न ठेवता बसावा. एकदा बसला की तो ओळखूही येत नाही. मी हे बोलून दाखवले, तर पाथरवट हसून म्हणाला, “ताई, देव एकच लागतो. चिरे किती लागतात ते काळारामाला जाऊन मोजा.”

मी गेले. मोजले नाहीत, पण पाहिले. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधवलेले ते देऊळ रामशेजच्या काळ्या पाषाणाचे आहे आणि त्याच्या भिंतींतले थर इतके एका पातळीत आहेत की त्यांवरून डोळा घसरत जातो. तिथे मला पाणसळ आठवली. मामांची पाणसळ म्हणजे पाणी भरलेली नळी. दोन टोके कितीही लांब नेली तरी पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर उभे राहते. लॉजमध्ये तिचा अर्थ समता असा आहे: आत आल्यावर सरदार आणि शिंपी एकाच पातळीवर. पण याच देवळाच्या दाराशी, जिथले दगडही पाणसळीत आहेत, माणसांना पाणसळीत उभे राहण्यासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला. आणि लॉजवाल्यांनीही फार मिरवू नये. कलकत्त्यात त्यांची पहिली लॉज १७३० च्या सुमारास निघाली, पण मुंबईत हिंदी माणसांना प्रवेश देणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघायला १८४३ साल उजाडले, आणि इंग्लंडच्या मुख्य परंपरेतल्या लॉजमध्ये बाईला सभासदत्व आजही नाही. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर पातळी चुकते, म्हणून मामा आधी नळी बोटाने टिचक्या मारून तपासतात.

बिल्ल्यावरच्या कंपासाचा अर्थ मला सर्वांत आवडला. कंपासाने आपल्या इच्छांभोवती वर्तुळ आखायचे आणि त्याच्या आत राहायचे, असे ते सांगतात. पंचवटीच्या माणसाला वर्तुळ म्हटले की लक्ष्मणरेषा आठवते. पण ती रेषा दुसऱ्याने आखलेली होती आणि ओलांडली तर काय होईल याची भीती तिच्यात होती. कंपास आपल्या हातात असतो, टोक आपणच रोवायचे असते आणि त्रिज्या किती घ्यायची तेही आपणच ठरवायचे असते. जबाबदारी तेवढीच वाढते. गुण्या आणि कंपास लॉजमध्ये उघड्या धर्मग्रंथावर ठेवतात. भारतात गीता, कुराण, बायबल अशा ग्रंथांची सोय एकत्र केलेली असते. पहिल्या पायरीवरच्या सभासदासाठी कंपासाची दोन्ही टोके गुण्याखाली झाकलेली असतात, दुसऱ्या पायरीवर एक टोक वर काढतात आणि तिसऱ्या पायरीवर दोन्ही. गुण्या म्हणजे वागणुकीचा काटकोन, कंपास म्हणजे आतला आवर. आधी नीट वागायला शिका, आवर मागून वर येईल, असा तो क्रम मी माझ्यापुरता लावला आहे.

मधल्या ‘जी’ला ते जिऑमेट्रीचा म्हणतात आणि गॉडचाही. भूमितीचा मान तिथे मोठा आहे. इंग्लंडमध्ये प्रमुखपद भूषवून झालेल्याच्या पदकावर युक्लिडचे सत्तेचाळिसावे प्रमेय, म्हणजे आपले पायथागोरसचे, कोरलेले असते. मामा ते रोज वापरतात. कोपरा काटकोनात आहे का हे पाहताना ते एका अंगाला तीन फुटांवर आणि दुसऱ्या अंगाला चार फुटांवर खूण करतात, आणि दोन खुणांमध्ये टेप धरून पाच फूट भरले की मान हलवतात. वेदी रचणाऱ्यांनी दोरीने हेच केले होते आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात ते लिहिलेले आहे.

राहिला डोळा. सर्व पाहणारा डोळा लॉजमध्ये आहे हे खरे. पण एक डॉलरच्या नोटेवरचा पिरॅमिड आणि त्यावरचा डोळा हा फ्रीमेसनांचा शिक्का, असे जे कौटुंबिक ग्रुपवर महिन्याला एकदा येते, ते सोडून द्यावे. ते चित्र अमेरिकेच्या १७८२ च्या राजमुद्रेतले आहे, आणि देवाची नजर म्हणून असा डोळा ख्रिस्ती चित्रकलेत त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

एका गोष्टीने मात्र मला खरोखर चकित केले. लॉजमध्ये नवशिक्याच्या हातात चोवीस इंची मोजपट्टी देतात. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास, आणि त्यांची वाटणी प्रार्थना व परोपकार, काम आणि विश्रांती यांत करायची. मी मामांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “आमचा गज पण चोवीसचाच होता.” त्यांच्या आजोबांच्या काळी चोवीस तसूंचा गज चाले, आणि शिल्पशास्त्रातला हस्तही चोवीस अंगुळांचा. बारा, आठ, सहा, चार, तीन, दोन अशा सगळ्या वाटण्या त्यातून अपूर्णांकाशिवाय निघतात, म्हणून कारागिराला तो आकडा सोयीचा. दिवसाची वाटणी करणाऱ्यांनाही तीच सोय झाली.

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिली, दोन हजार महिना एक टक्क्याने आणि एक हजार पाऊण टक्क्याने, आणि त्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालायचा. कारागिरांच्या संघटनेवर राजाच्या जावयाने इतका विश्वास ठेवावा, अशी तेव्हा त्यांची पत होती. इंग्रजांच्या देशात गवंड्यांच्या संघटनेतून पेशा गळून पडला आणि अर्थ उरले. आपल्याकडे संघटना गळून पडली आणि पेशा जन्माला चिकटला. मामांच्या ओळंब्याला कोणी सचोटी म्हटले नाही, आणि ज्यांनी म्हटले त्यांनी तो कधी भिंतीला लावला नाही.

शेवटच्या दिवशी भिंतीत दिव्यासाठी कोनाडा काढायचा होता. मामांनी मधोमध खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला कोळसा धरला आणि एका दमात कमानीचे अर्धवर्तुळ ओढले. मग मी आतून बिल्ला आणून दाखवला. त्यांनी तो पायजम्याला पुसला, उजेडात धरला आणि त्यावरचा इवलासा गुण्या आपल्या लोखंडी गुण्याच्या आतल्या कोपऱ्याशी टेकवून एक डोळा मिटून पाहिले.

“गुण्या खरा नाही, ताई. थोडा उघडलाय.”

मुलगी कंपासपेटी घेऊन आली. तिने कोनमापक लावला, दोनदा लावला. ९३ अंश भरले. मामा तोवर ओळंब्याला दोरी गुंडाळत होते.