सरासरी काढताना वजन विसरू नका

लासलगावच्या बाजारात एका शेतकऱ्याचा २० क्विंटल कांदा १२०० रुपये क्विंटलने गेला आणि ३० क्विंटल १७०० ने. सरासरी भाव किती? बरीच मुलं दोन भावांची बेरीज करून दोनने भागतात आणि १४५० लिहितात. इथेच गुण जातात. भाव दोन असले तरी क्विंटल सारखे नाहीत. आधी एकूण रक्कम काढा: २४,००० + ५१,००० = ७५,०००. तिला ५० ने भागा. उत्तर १५००.

आता उलटा प्रश्न. सरासरी १५०० दिली आहे, माल कोणत्या प्रमाणात होता? फरक काढा: १५०० − १२०० = ३००, १७०० − १५०० = २००. हे फरक तिरपे लिहायचे. स्वस्त मालासमोर २००, महाग मालासमोर ३००, म्हणजे २:३. फरक सरळ लिहिले की गुणोत्तर उलटं होतं. ताळा सोपा आहे: सरासरी ज्या भावाच्या जवळ, तो माल जास्त.

वेगाचंही तेच. नाशिकहून जाताना ताशी ६०, त्याच रस्त्याने परत येताना ४०, तर सरासरी ५० नव्हे, ४८. हळू प्रवासात वेळ जास्त जातो. अंतर दिलं नसेल तर १२० किमी धरा: २ + ३ = ५ तास, २४० ÷ ५.

गुणोत्तरात मात्र k, म्हणजे एका भागात किती नग, हवाच. दोन प्रकारच्या द्राक्षांच्या क्रेटचं गुणोत्तर ३:५, दोन्हींत १० मिळवल्यावर ५:७. थेट १३:१५ लिहू नका. ३ आणि ५ हे क्रेट नाहीत, भाग आहेत. ७(३k + १०) = ५(५k + १०), k = ५. क्रेट १५ आणि २५.