झोलिंगेन: पात्यांच्या गावात संगिनी वाचताना

जर्मनीतल्या वुपरताल शहरात नदीच्या डोक्यावरून लोंबकळत धावणारी रेल्वे १९०१ पासून सुरू आहे. तिच्या पश्चिम टोकाला, फोव्हिंकेलला उतरलं की ६८३ क्रमांकाची ट्रॉलीबस मिळते आणि थोड्याच वेळात आपण ग्रेफराथला पोचतो. स्लेटच्या पाट्यांनी मढवलेली काळी घरं, पांढऱ्या चौकटी, हिरव्या झडपा, चढणीचे फरसबंदी रस्ते. गाव देखणं आहेच, पण मी आलो होतो ते जुन्या लष्करी संगिनींच्या, म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावायच्या पात्यांच्या, ओढीने. ग्रेफराथ हा झोलिंगेनचाच भाग, आणि 'झोलिंगेन' ही अक्षरं संगिनी जमवणाऱ्या प्रत्येकाने भिंगाखाली कितीदा तरी वाचलेली असतात.

इथल्या जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचं संग्रहालय आहे. कांस्ययुगातल्या शस्त्रांपासून जेवणाच्या सुऱ्या-काट्यांपर्यंत सगळं एका छपराखाली. तलवारींच्या दालनात मी रेंगाळलो, पण मनात घर केलं ते तिथल्या कामाच्या वाटणीने. शतकानुशतकं या गावात एक माणूस पातं घडवायचा, दुसरा पाणी द्यायचा, तिसरा धार लावायचा, चौथा मूठ बसवायचा. वुपर नदीच्या काठावर पाणचक्कीवर चालणारी धारेची घरं होती. त्यांतलं बाल्कहाउझर कोटेन आजही बघता येतं. भलीमोठी दगडी चाकं आणि त्यांच्यापुढे वाकून बसायच्या जागा पाहिल्या की 'कारखान्यात बनलेली संगीन' हे शब्द फार तोकडे वाटायला लागतात.

लष्कराच्या हाती जाताना तपासनिसाचे शिक्केही असेच जागोजागी उमटायचे: पात्यावर, आडव्या पट्टीवर, मुठीच्या टोकावर, म्यानावर. नवखा संग्राहक मुठीलगतच्या सपाट भागावरचं कारखान्याचं नाव वाचतो आणि थांबतो. माझ्या मते खरी सुरुवात पात्याच्या पाठीपासून करावी. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन संगिनीच्या पाठीवर मुकुट, त्याखाली राजाचं आद्याक्षर आणि त्याखाली वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. मुकुट, विल्हेल्मचा 'डब्ल्यू' आणि १७ म्हणजे बहुधा प्रशिया राज्याने १९१७ मध्ये स्वीकारलेली. 'एल' असेल तर बव्हेरियाचा लुडविग, 'एफए' असेल तर सॅक्सनीचा फ्रीडरिख आउगुस्ट. साम्राज्य एक, पण आतल्या राज्यांचा मान राखलेला, आणि तो पोलादावर कोरलेला! मला हे दर वेळी तितकंच विलक्षण वाटतं.

९८/०५ या जर्मन नमुन्याची, टोकाकडे रुंद होत जाणारी संगीन तर वाचावी तितकी थोडी. काहींच्या पाठीला करवतीचे दात होते. युद्ध संपायच्या आतच ते घासून काढायला सुरुवात झाली, त्यामुळे एखाद्या पात्याची पाठ नेहमीपेक्षा सपाट आणि अरुंद दिसली तर तिथे एकेकाळी दात होते का, हे बघावंच. मुठीवरचा पातळ पत्रा बंदुकीच्या नळीतून निघणाऱ्या आगीपासून लाकूड वाचवण्यासाठी. तो १९१५ पासून बसवायला लागले आणि जुन्या संगिनींवरही चढवला. म्हणजे जुन्या सालाचा शिक्का आणि नंतरचा पत्रा एकत्र दिसले तर लगेच 'नकली' म्हणून हिणवू नये.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करते ती नावं पुसली जाण्याची गोष्ट. पहिल्या महायुद्धात कारखाने आपलं नाव ठसठशीत उमटवत. युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्यावर मर्यादा आल्या, आणि पुढे चोरून शस्त्रं वाढवताना नावाच्या जागी 'एस' आणि आकडा असे संकेत आले. १९३४ साठी 'के' आणि १९३५ साठी 'जी' असं सालही लपवलं गेलं. मग काही वर्षं नावं परतली, आणि १९४० पासून पुन्हा तीन अक्षरी संकेत. 'सीओएफ' म्हणजे कार्ल आइकहॉर्न, 'सीव्हीएल' म्हणजे डब्ल्यूकेसी. दोन्ही कंपन्या झोलिंगेनच्याच.

जुन्या नावांतलं एक 'अलेक्स कॉपेल'. हे कुटुंब ज्यू होतं. १९३६ मध्ये नाझी राजवटीत कंपनी त्यांच्या हातून गेली. याच घराण्यातले डॉ. अलेक्झांडर कॉपेल १९४२ मध्ये थेरेझीनश्टाटच्या नाझी छावणीत मरण पावले. आज शहरातल्या एका शाळेला त्यांचं नाव आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकाच्या कमरेला ज्यांच्या नावाची संगीन होती, त्यांचं असं झालं. ही माहिती नसताना त्या शिक्क्याची नुसती 'दुर्मीळ' म्हणून नोंद करणं मला पटत नाही.

परतीच्या वाटेवर एका जुन्या बाजारात संगिनींचा ढीग होता. गरुडाच्या शिक्क्यातल्या स्वस्तिकावर विक्रेत्याने चिकटपट्टी लावली होती, कारण ते चिन्ह उघड मिरवायला जर्मन कायद्याची मनाई आहे. चकाकणाऱ्या नगांकडे मी पाहिलंही नाही. पॉलिशच्या चाकाने गंजाबरोबर शिक्क्यांच्या कडाही जातात आणि एकदा गोल झालेलं अक्षर परत येत नाही. ८४/९८ या जर्मन नमुन्याच्या संगिनींत मी पात्यावरचा आणि म्यानावरचा क्रमांक जुळतो का ते बघत गेलो. बहुतेक जोड्या जुळत नव्हत्या.

त्याच ढिगात एक ब्रिटिश संगीन सापडली, सतरा इंची पात्याची. मुकुट, 'जीआर' (राजा जॉर्ज) आणि १९०७. यातला १९०७ हा नमुन्याचा आकडा आहे, बनवल्याचं साल नव्हे. ते त्याखाली महिना-वर्षात होतं: ऑगस्ट १९१७, कारखाना विल्किन्सन. उलट्या बाजूला सरकारी बाण, पातं वाकवून तपासल्याची 'एक्स' खूण आणि दुरुस्तीनंतर पुन्हा सेवेत घेतल्याची १९२६ ची नोंद. शेवटी टोकाला टोक भिडवलेले दोन बाण: लष्कराने स्वतःहून विकून टाकल्याची खूण. बनवलं, तपासलं, दुरुस्त केलं, विकलं, सगळं बोटाएवढ्या जागेत.

म्यान तिचं नव्हतं, मूठ डागाळलेली होती. तरी मी तीच घेतली. तिला फक्त हलका तेलाचा हात देईन आणि तिरप्या उजेडात प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढून वहीत लावेन.