भाचीच्या स्लॅम बुकातले चार रकाने

कोल्हापूर, रविवार, रात्रीचे साडेदहा.

आज दुपारी माझी भाची जेवायला आली होती. ती यंदा दहावीला आहे आणि शाळेचा निरोप समारंभ आठवड्यावर आल्यामुळे तिच्या दप्तरात गाइडांच्या जोडीने एक गुलाबी पुठ्ठ्याचे स्लॅम बुक फिरते आहे. मैत्रिणींची पाने भरून झाल्यावर उरलेल्या पानांपैकी एक तिने माझ्यापुढे उघडून ठेवले आणि "आत्ती, तुझंपण भर" असा हुकूम सोडला. नाव, टोपणनाव आणि वाढदिवस यांच्याखाली आवडते पुस्तक, आवडता पदार्थ, आवडते संगीत आणि आवडता खेळ असे चार रकाने होते आणि प्रत्येकापुढे जेमतेम दीड ओळीची जागा होती. लोकांकडून फॉर्म भरून घेण्यात बँकेतली पंचवीस वर्षे गेल्यामुळे रिकामा रकाना मला फार वेळ बघवत नाही. मी पाच मिनिटांत उत्तरे लिहून दिली : ययाति, तांबडा-पांढरा रस्सा, जयपूर घराण्याचे गाणे आणि कुस्ती.

तिने ते उभ्याउभ्याच वाचले आणि वही मिटत ती म्हणाली, "आत्ती, हे तुझं नाहीच. हे कोल्हापूरचं झालं. तू तांबड्याला हात तरी लावतीस का?"

ती गेल्यापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. बदलीवर आलेल्या परगावच्या साहेबाला आपण गावाची ओळख करून देतो, तशीच मी स्वतःची ओळख लिहून टाकली होती. वही उद्या सकाळपर्यंत माझ्याकडेच आहे, तेव्हा आज रोजनिशीत तरी एकेक रकाना प्रामाणिकपणे तपासावा असे ठरवून बसले आहे.

रश्श्यापासूनच सुरुवात करते, कारण चोरी तिथेच पकडली गेली. तांबडा-पांढरा हा शब्द आमच्याकडे एका दमात उच्चारला जातो, जणू ते एकाच पदार्थाचे नाव आहे. परंतु पंगतीत वाट्या कोणत्या क्रमाने रिकाम्या होतात ते पाहिले, की कोणाचा जीव कशात आहे ते लगेच कळते. आमचे हे आणि मुलगा दोघेही तांबड्याचे, आणि घरात पांढऱ्याची एकटी मी. तांबड्याचा सगळा भार कांदा-लसूण चटणीवर असतो. ती उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवलेली असते आणि एकदा ती नीट उतरली, की रस्सा सहसा दगा देत नाही. पांढऱ्याला असा पाठीराखा नाही. त्याला त्या दिवशी, त्या चुलीवर, पुन्हा पहिल्यापासून जमवावे लागते.

माझी आई आले-लसणाच्या वाटणात मटण शिजवून त्याचे अळणी पाणी आधी बाजूला काढीत असे, आणि त्यात हळद पडू नये म्हणून घरातल्या कोणालाही त्या पातेल्याजवळ फिरकू देत नसे. खवलेला नारळ पाट्यावर वाटून, कोमट पाण्यात कालवून, धुऊन मऊ झालेल्या मलमलच्या फडक्यातून ती त्याचे दूध पिळी. पहिले दाट दूध एका भांड्यात आणि दुसऱ्या पिळण्याचे पातळ दूध दुसऱ्यात. भिजवलेली खसखस, पांढरे तीळ आणि मोजके काजू यांचे वाटण गंधासारखे गुळगुळीत झाल्याशिवाय ती पाट्यावरून उठत नसे. मग दालचिनी, लवंग, वेलची, मिरे, तमालपत्र आणि उभी चिरलेली हिरवी मिरची यांची फोडणी, त्यावर वाटण, त्यावर अळणी आणि पातळ दूध. हे सगळे एकदा उकळले, की आच बारीक करून दाट दूध ओतायचे, आणि तिथून पुढे पातेल्यासमोरून हलायचे नाही. पळी एकाच दिशेने फिरत राहिली पाहिजे, आणि कडेला पहिला बुडबुडा दिसला रे दिसला, की पातेले खाली उतरले पाहिजे.

लग्नानंतरच्या पहिल्याच आखाडात सासरी रस्सा करण्याची पाळी माझ्यावर आली, आणि दाट दूध ओतल्यावर नणंदेने पाठीमागून काहीतरी विचारले म्हणून मी मान वळवून बोलत राहिले. तेवढ्यात तो उकळला आणि फुटला. वर खोबऱ्याचे पांढरे कण आणि खाली निवळ पाणी, असा तो रस्सा मी वाट्यांतून वाढला तेव्हा मला रडू आवरत नव्हते. सासऱ्यांनी वाटी उचलली, एका घोटात संपवली, "चव हाय की" म्हणाले आणि वाटी पुन्हा पुढे केली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढची दोन वर्षे पांढरा त्यांनी स्वतःच केला. आज दुपारी दोन्ही रस्से केले होते आणि मी तीन वाट्या पांढरा प्याले. ज्या गावाने २०१९ साली मटणाच्या दरवाढीविरुद्ध रीतसर आंदोलन केले, त्या गावात तांबड्याविषयीची ही उदासीनता उघड लिहायला थोडे बळ लागते. (मिसळीच्या बाबतीत मात्र मी पूर्ण कोल्हापूरकर आहे, कट जास्तीचा हवा आणि सोबत ब्रेडच हवा. पुण्यात पावाबरोबर मिसळ पुढे आली, की मला ती पाहुण्यासारखी वाटते.)

पुस्तकाच्या रकान्यात मी अगदीच खोटे लिहिले, असे म्हणवत नाही. ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, वि. स. खांडेकर याच गावात राहिले, आणि मराठीतला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. त्यामुळे आमच्या पिढीच्या कोल्हापूरकराला आवडते पुस्तक विचारले, की हे नाव तोंडातून आपोआप बाहेर पडते. कॉलेजात असताना मी ती वाचली होती आणि शर्मिष्ठेसाठी एक अख्खी रात्र रडलेही होते. पण त्यानंतर तीस वर्षांत मी ती कधी उघडलेली नाही. उलट आनंद यादवांची ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी मी करवीर नगर वाचन मंदिरातून इतक्यांदा आणली, की अखेर काउंटरवरच्या गृहस्थांनी "ताई, हे विकत मिळतं" असे अदबीने सुचवले. १८५० साली सुरू झालेल्या त्या वाचनालयात माझ्याइतका एकाच पुस्तकाला चिकटलेला दुसरा वाचक झाला असेल असे मला वाटत नाही. त्याच संध्याकाळी मी माझी प्रत घेतली.

आनंद यादव कागलचे, आणि माझ्या आईचे माहेर कागलपासून दोन-तीन कोसांवर. १९८७ साली ‘झोंबी’ आली, १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हा झालेल्या बोलबाल्यामुळे ती आमच्या घरीही पोहोचली. आई चौथी शिकलेली होती. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचायची, त्यामुळे एवढे जाडजूड पुस्तक संपायला तिला अख्खा पावसाळा लागला. शाळेत जाता यावे म्हणून बापाशी झोंबणारा तो पोर शेतात राबतो, मार खातो आणि तरी हटत नाही, त्या भागात ती एका दुपारी थांबली, पुस्तक तसेच उघडे मांडीवर पालथे घातले आणि शेंगा सोलायला घेतल्या. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ह्या पोराला झोंबता तरी आलं." त्यापुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. तिला चौथीनंतर कोणी आणि का घरी बसवले, हे मला आजही नीट ठाऊक नाही. त्या पुस्तकातली माणसे आमच्या आजोळच्या माणसांसारखी बोलतात, हे माझ्या आवडीचे एक कारण खरेच. परंतु ते पुस्तक मी पुन्हा पुन्हा उघडते ते बहुधा त्या पालथ्या घातलेल्या पानासाठी.

संगीताचा रकाना तपासताना मात्र उलटेच झाले. भाचीने जाता जाता "मग एक तरी राग ओळखून दाखव" असे आव्हान दिले होते, आणि मी ते टाळले, कारण मला राग ओळखता येत नाहीत. जयपूर-अत्रौली घराणे मी लिहिले ते माहेरच्या अभिमानापोटी. हे गाणे ज्यांनी घडवले ते अल्लादिया खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते, आणि त्यामुळे एरवी गाण्यातले काही न कळणारी माणसेही आमच्याकडे खाँसाहेबांचे नाव घरच्या वडिलधाऱ्यासारखे घेतात. माझे वडील, आबा, देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकींना नियमाने जात. मला एकदाच नेले होते आणि मी मध्यंतरापूर्वीच त्यांच्या मांडीवर झोपले.

पण आबांचा रविवार मला आठवतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या यमनी बिलावलची कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावून ते अंगणात सायकल पुसायला बसत. मन्सूर यांना खाँसाहेबांच्या दोन मुलांची, आधी मंजी खाँ आणि नंतर भुर्जी खाँ यांची, तालीम मिळाली होती, हे आबा दर रविवारी नव्याने सांगत. गाणे सुरू होताच लयीला लागे. फार वेळ ताटकळत ठेवणे त्या गायकीत नाहीच. मग तान वर चढून, कुठल्या कुठे वळसे घेऊन, आता हा गडी परत कसा येणार अशी धास्ती वाटायला लावून नेमकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येई, आणि त्याच क्षणी आबांचे फडके मडगार्डवर थांबे. मी पायरीवर बसून गाणे ऐकत नसे, फडके बघत असे. सम म्हणजे काय हे मला कोणी शिकवले नाही, पण आजही कोणाचेही गाणे चालू असले तरी ती कुठे येणार हे मला आधी कळते आणि हातातले काम एक क्षण थांबते. म्हणजे ज्या उत्तराला मी स्वतःच थाप समजत होते ते खरे निघाले. त्या रकान्याला मी हात लावणार नाही.

राहिली कुस्ती. खासबाग मैदानाजवळून मी आठवड्यातून चार वेळा जाते. शाहू महाराजांनी १९०२ साली रोमचे प्राचीन कलोसियम पाहिले आणि पुढे हे मैदान बांधून घेतले, तसेच हेलसिंकीला १९५२ साली कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आमच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते, हे सगळे मी कोणालाही न अडखळता सांगू शकते. मात्र प्रत्यक्ष मैदानात बसून मी एकही कुस्ती पाहिलेली नाही. खासबागेशी माझा खरा संबंध भेळेपुरता आहे.

माझा खेळ फुटबॉल आहे, आणि तो मला चिंचोक्यांनी शिकवला. दादा पेठेतल्या एका लहान संघात बॅकला खेळायचा. मॅचहून आला की ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबता कोंबता तो मला सगळी मॅच सांगे, आणि सांगून समजले नाही तर फरशीवर चिंचोके मांडून दाखवी. काळ्या पाठीचे आपले, फोडून पांढरे केलेले त्यांचे, आणि चेंडू म्हणजे हरभऱ्याचा दाणा. ऑफसाइड मला वयाच्या नवव्या वर्षी समजला, तोही स्टेडियमची पायरी न चढता, कारण तेव्हा मुलींना तिकडे पाठवण्याची रीत नव्हती. परगावच्या लोकांना हे सांगितले तर त्यांना नवल वाटते, की ज्या तालमी पैलवानांसाठी उभ्या राहिल्या त्यांच्याच नावाने आज येथे फुटबॉलचे संघ उतरतात, आणि विश्वचषकाच्या दिवसांत चौकाचौकांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे फडकतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून उतरला तेव्हा मी बँकेत पेढे वाटले होते. माझा आणि त्याचा काडीचाही संबंध नसताना.

आता मी शाहू स्टेडियमवर स्वतः जाते. गेल्या महिन्यात एका सामन्यात शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला तेव्हा मी पायरीवर उभी राहून इतक्या मोठ्याने ओरडले, की पुढच्या रांगेतल्या माझ्याच शाखेच्या खातेदाराने मागे वळून पाहिले आणि अतिशय गंभीरपणे नमस्कार केला.

वही समोर उघडी आहे. पदार्थाच्या रकान्यात ‘तांबडा’ या शब्दावर मी पेनाने एक रेघ मारली आहे. ‘ययाति’ खोडून वरच्या बारीक जागेत ‘झोंबी’ लिहिले आहे आणि ‘कुस्ती’च्या जागी ‘फुटबॉल’. पान थोडे गिचमिड दिसते आहे, आणि भाची उद्या त्याबद्दल कुरकुरणार. माहेरी अख्खे घर शिवाजी तरुण मंडळाचे आणि सासरी उंबऱ्यापासून परसापर्यंत सगळे पाटाकडीलचे असताना आवडता संघ कोणता, हा रकाना मात्र त्या वहीत नाही.