बॅरोच्या काठाने, हॉथॉर्नच्या बहरात

आयर्लंडच्या आग्नेय भागातून वाहणारी बॅरो ही शॅननखालोखाल त्या देशातली सर्वांत लांब नदी असून तिची लांबी १९२ किलोमीटर आहे. मालवाहू होड्या दोराने ओढणाऱ्या घोड्यांसाठी तिच्या काठाने राखलेल्या गवताळ वाटेवर आता हौशी लोक पायी हिंडतात. मेच्या उत्तरार्धात मी ग्रेगनामॅना ते सेंट मुलिन्स हा तिचा टप्पा चालले. ग्रेगनामॅनात सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा १२०४ साली स्थापन झालेला जुना मठ आहे, पण मला ओढ होती ती हॉथॉर्नच्या बहराची.

हे काटेरी झाड पांढऱ्या फुलांनी असे लगडते, की त्याची पाने शोधावी लागतात. शेताच्या मधोमध एकटाच उभा असलेला हॉथॉर्न पऱ्यांचा मानला जातो आणि तो तोडायला आजही अनेकजण धजावत नाहीत. या पऱ्या गोंडस नसून मानी आणि डूख धरणाऱ्या आहेत. त्याची फुले घरात आणली तर मृत्यू ओढवतो, असाही समज आहे. त्यामागचे एक कारण रासायनिक असावे, कारण सडणाऱ्या मांसात तयार होणारे ट्रायमिथिलअमाइन या फुलांच्या वासातही असते. घराबाहेर मात्र हेच झाड मंगल ठरते: १ मेच्या ब्यालतिना सणाला त्याची फांदी दारापुढे रोवून तिला फिती आणि अंड्यांची टरफले बांधत, आणि आदल्या संध्याकाळी उंबऱ्यावर प्रिमरोझची पिवळी फुले पसरत, म्हणजे पऱ्या आत शिरत नाहीत. आता १ मेला बहर क्वचितच पुरा फुललेला असतो. १७५२ साली पंचांग बदलताना ११ दिवस गळले, त्यामुळे जुना सण बहराच्या अधिक जवळ पडत असे.

पाण्यालगत ऑल्डरची रांग आहे. तोडल्यावर त्याचे पांढरे लाकूड तांबूस होते. झाडाला रक्त येते म्हणून प्रवासात ते दिसणे अशुभ, असे जुनी माणसे मानत. बांधाची माती मात्र त्याच्याच मुळांनी धरून ठेवली आहे. त्याच्या सावलीतून निळा खंड्या सरळ रेषेत निघून गेला आणि बंधाऱ्यावर करडा धोबी शेपटी हलवत होता. हे दोन्ही पक्षी आपल्याकडेही दिसतात, त्यामुळे परक्या नदीवर अचानक ओळखीचे कोणी भेटल्याचा आनंद झाला. पाणमांजराची मात्र चिखलातली पावलेच दिसली.

सेंट मुलिन्सला समुद्राच्या भरतीचे पाणी पोचते. सातव्या शतकातल्या संत मोलिंगच्या विहिरीवर इथे जुलैत यात्रा भरते. त्याआधी, मे-जूनमध्ये, ट्वेट शॅड हा मासा हिलशासारखाच समुद्रातून चढून येतो आणि इथल्या तळाच्या वाळू-गोट्यांवर अंडी घालतो. आयर्लंडमध्ये त्याच्या विणीच्या जागा फारच थोड्या आहेत, पण या माशाची एकही दंतकथा मला वाटेत कोणी सांगितली नाही.