साडेबाराचं कॉम्प्रेशन आणि नायट्रसचा आकडा

माझं इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, कॉम्प्रेशन साडेबारास एक. नायट्रसशिवाय (नायट्रस ऑक्साइड, म्हणजे जास्त इंधन जाळता यावं म्हणून इंजिनात सोडायचा वायू) दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवर. फक्त ट्रॅकवर वापरण्यासाठी वेट किट (नायट्रससोबत जादा इंधनही सोडणारं) घेतलं तेव्हा मनात 100 चा शॉट, म्हणजे 100 हॉर्सपॉवरची भर, पक्का होता. तेवढे जेट (प्रवाह ठरवणारे बारीक छिद्रांचे तुकडे) किटमध्ये होतेच.

ट्यूनरकाकांनी हॉर्सपॉवर विचारलीच नाही. "टॉप रिंगची गॅप किती ठेवलीस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हणजे पिस्टनच्या सर्वांत वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट. बोअर (सिलिंडरचा व्यास) 86 मिमी, गॅप 0.38 मिमी. साध्या इंजिनाला ती ठीक आहे. पण नायट्रसच्या उष्णतेने रिंग जास्त फुगते, टोकाला टोक भिडतं, रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतते आणि पिस्टनची रिंगवरची कडच निखळते. पिस्टन फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) होते म्हणून मी निर्धास्त होतो, पण रिंगची गॅप कमी असेल तर फोर्ज्ड पिस्टनही वाचत नाही. शेवटी 50 वर ठरलं.

नायट्रस बाष्प होताना हवा चांगली गार करतो, म्हणून जास्त कॉम्प्रेशनला तो चालून जातो, असं मी धरून चाललो होतो. गारवा खरा आहे. पण हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन, नायट्रसमध्ये 36. सुमारे 300 अंशांवर तो सुटा झाला की जाळ वेगाने पसरतो, सिलिंडरमधला दाब चढतो आणि कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपणच पेटतं. तेच डिटोनेशन. साडेबाराच्या कॉम्प्रेशनमध्ये चुकीला मुळातच जागा थोडी असते.

मग बाकीची तयारी. 102 ऑक्टेनचं इंधन, दोन नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारे) स्पार्क प्लग, त्यांची गॅप 0.8 मिमी. 50 हॉर्सपॉवरला दोन अंश टायमिंग मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडायचा, प्रघात आहे. आम्ही चार घेतले, 28 वरून 24. विंडो स्विच (नायट्रस फक्त ठरलेल्या आरपीएममध्येच सोडणारा) 3,500 ते 6,800 आरपीएम. इंजिनाचा वेग रोखणारा लिमिटर 7,200 ला आहे, आणि तिथे इंधन तुटतं पण नायट्रस चालूच राहतो, म्हणून त्याच्या बराच आधी बंद. इंधनाचा दाब पडला तर सोलेनॉइड (नायट्रसची विजेवर चालणारी झडप) आपोआप मिटावा म्हणून वेगळा प्रेशर स्विच. त्याच्यावर केलेला खर्च मला आजही सर्वांत योग्य वाटतो.

पहिल्या दोन रन उत्तम गेल्या. एअर-फ्युएल (हवा-इंधनाचं प्रमाण) 11.8 च्या आसपास. नंतर दुपारभर गाडी उन्हात उभी राहिली. तिसऱ्या रनआधी बाटलीच्या गेजवर काटा 1,050 पीएसआयवर होता. मला तो दिसला होता, आणि तरीही मी सुटलो. लॉगमध्ये 12.9 आलं, म्हणजे इंधन कमी पडलं. दाब वाढला की नायट्रस जास्त येतो, इंधन मात्र जेटमधून तेवढंच.

तिथेच प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके होते, आणि भिंगाखाली त्यात एक चकाकणारा कण. ॲल्युमिनियम. म्हणजे पिस्टनच. त्या दिवशी इंजिन पुन्हा चालू केलं नाही.

लीकडाउन टेस्टमध्ये (सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणारी चाचणी) चारही सिलिंडर सारखे निघाले तेव्हा जीव भांड्यात पडला. आता 900 ते 950 च्या बाहेर काटा असेल तर मी आर्म स्विचला (नायट्रस सज्ज करणाऱ्या बटणाला) हात लावत नाही. बाटली सावलीत, वर ओलं कापड. नायट्रस 36 अंशांच्या वर द्रव राहतच नाही, त्यामुळे तापलेली बाटली घेऊन निघण्यात काही अर्थ नाही. टायमिंग आणखी एक अंश मागे घेतलं. प्रत्येक रननंतर प्लग बघतो, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

75 चे जेट डब्यात आहेत. पुढच्या वेळी इंजिन उघडेल तेव्हा रिंगची गॅप 0.55 करून घेणार आहे. तोवर 50.